पंपवाल्या गोंडाणेंचा रेझ्युमे

धम्मानंद गोंडाणेंनी आयुष्यात एकदाच नोकरी मागितली होती आणि तीही तोंडी. बारावीचा निकाल लागला तसे ते नागपूरच्या इंदोऱ्यातून सायकल हाणत इतवारीत गेले आणि मशिनरीच्या एका दुकानासमोर उभे राहिले. मालकाने वर न पाहताच सांगितलं, माणूस नको. गोंडाणे गेले नाहीत. दुकानात एक शेतकरी जळलेली मोटर घेऊन भांडत होता आणि नोकर त्याला गॅरंटीचा कागद दाखवत होता. गोंडाणेंनी त्या शेतकऱ्याला प्यायला पाणी दिलं, शेजारी बसले आणि विचारू लागले. विहिरीत पाणी किती हातावर आहे, लाइन कधी येते, मोटर बंद करायला कोण जातं. बोलता बोलता शेतकरीच म्हणाला की विहीर आटली तरी मोटर कोरडी चालत राहिली असेल. निघताना तो पाणी संपलं की मोटर बंद करणारं यंत्र विकत घेऊन गेला. मालक गल्ल्यावरून म्हणाला, "उद्यापासून ये."

त्या दुकानात काही वर्षं काढल्यावर कोइमतूरच्या एका पंप कंपनीने त्यांना उचललं. कंपनीचा माणूस दुकानात चहा पीत बसला होता, त्याने गोंडाणेंना गिऱ्हाइकाशी बोलताना ऐकलं, एवढंच. कागद कोणी मागितला नाही. मग काटोल, नरखेड, सावनेर, पारशिवनी हा सगळा पट्टा त्यांचा झाला. मोटरसायकलच्या मागे पंपाचं आतले भाग दिसतील असं कापलेलं मॉडेल बांधून ते गावोगावच्या दुकानांत जात. आडनावावरून जात कळली की काही जण क्षणभर थांबायचे. बरेचसे बोलण्याच्या ओघात ते विसरून जायचे. जे विसरत नसत, त्यांच्याकडेही गोंडाणे दुसऱ्यांदा जात, तिसऱ्यांदा जात. त्या पट्ट्यात लोक त्यांना 'पंपवाले गोंडाणे' म्हणूनच ओळखत.

आवाज भरदार होता. इंदोऱ्याच्या विहारात बुद्धपौर्णिमेला वंदना घ्यायची झाली तर त्यांनाच पुढे बसवत. घरी बोलणं कमी, कारण दिवसभर बोलून आलेले असत. बायको मायाताई जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवायच्या. एकच मुलगी, पायल. तिच्या शिक्षणाबद्दल दोघांचं कधी भांडण झालं नाही, कारण दोघांचंही ठरलेलं होतं की पोरगी शिकेल तेवढी शिकवायची.

आणि खर्रा होता. नागपूरच्या माणसाला खर्रा समजावून सांगावा लागत नाही. सुपारी, तंबाखू, चुना घोटून प्लास्टिकच्या पन्नीत बांधलेला तो पुडा गोंडाणेंच्या शर्टाच्या खिशात कायम असे. दुकानदाराकडे गेलं की आधी तो निघायचा. चिमूटभर त्याला, चिमूटभर स्वतःला, मग बोलणं. ऊन उतरेपर्यंत गालात एक गोळा असायचा. मायाताई म्हणायच्या, "तोंडात ते ठेवून बोलता तरी कसे तुम्ही?" ते हसायचे. खर्रा न खाणारा सेल्समन त्यांनी त्या पट्ट्यात पाहिलाच नव्हता.

आधी तिखट लागेनासं झालं. मग तोंड पुरतं उघडेना, भाकरीचा तुकडा मोडून बारीक करून आत सरकवावा लागे. डाव्या गालाच्या आत एक फोड होता, तो बरा होत नव्हता. दवाखान्यात जायला त्यांनी एक अख्खा सीझन लावला, कारण उन्हाळा होता, विहिरी आटत होत्या आणि मोटरा खपत होत्या. डॉक्टरने बॅटरी मारून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "खर्रा किती वर्षांपासून?"

ऑपरेशनमध्ये डावीकडचा खालचा जबडा गेला, जिभेचाही भाग गेला. छातीवरचं मांस काढून गालाला लावलं. नंतर रेडिएशन झालं, ज्याला वॉर्डातले लोक शेक म्हणत. शेक संपले तेव्हा गळ्याची कातडी काळी पडली होती आणि लाळ एका बाजूने गळत राहायची. जेवण मिक्सरमधून काढलेलं. आवाज आतून तसाच भरदार यायचा, पण बाहेर पडेपर्यंत त्याचा आकार जायचा. 'स' नाही, 'र' नाही, 'ट' नाही. मायाताईंना निम्मं कळायचं. पायलला जवळजवळ सगळं.

कंपनीने बरेच महिने वाट पाहिली. नंतर वरचा साहेब घरी आला, फळं घेऊन आला, खूप वेळ बसला आणि राजीनाम्याचा कागद टेबलावर ठेवून गेला. त्याने कुठे वाईट शब्द वापरला नाही. गोंडाणेंनी सही केली आणि त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले.

पायलची बी.एस्सी. झाली होती, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला वनस्पतिशास्त्रात प्रवेश घेतला होता. कॉलेजातून आली की ती बापाला बसवून म्हणायची, "पप्पा, बोला." आणि ते पेपरमधली बातमी मोठ्याने वाचायचे. एके दिवशी बातमीच्या शेजारी जाहिरात होती. पाण्याच्या पंपांची आणि ठिबकची एक नवी कंपनी, ऑफिस धरमपेठेत, ग्रामीण भागासाठी सेल्स ऑफिसर पाहिजेत, अनुभवी माणसाला प्राधान्य. गोंडाणेंनी ती जाहिरात वाचून संपवली आणि पायलकडे पाहिलं.

"बायोडाटा लिही माझा," ते म्हणाले.

"बायोडाटा लग्नाचा रायते पप्पा. रेझ्युमे म्हणते त्याले."

दोघं लॅपटॉप घेऊन बसले. पायलने मोबाईलवर वाचून ठेवलं होतं की सेल्सच्या रेझ्युमेत काय काम केलं ते लिहून भागत नाही, त्या कामाने काय बदललं ते लिहायचं असतं. 'दुकानांना भेटी दिल्या' असं लिहिलं तर कोणी वाचत नाही.

"मग सांगा, तुम्ही काय बदलवलं?"

गोंडाणे विचारात पडले. हा प्रश्न त्यांना कधी कोणी विचारला नव्हता. मग हळूहळू बोलायला लागले. पायल मध्ये मध्ये परत विचारायची, टाइप करायची. पारशिवनीकडे कंपनीचं एकही दुकान नव्हतं, तिथे त्यांनी आठ उभी केली. नरखेडला आंबिया बहराच्या आधी संत्र्याच्या बागांत जाऊन ते लोकांना जुन्या मोटरा दुरुस्त करून द्यायचे, त्यामुळे नवी घ्यायची झाली की लोक त्यांच्याचकडे यायचे. सावनेरचा एक दुकानदार कंपनीवर रुसून दुसऱ्याचा माल विकत होता, त्याला त्यांनी परत आणला होता.

"कसं आणलं?"

"त्याच्या पोरीच्या लग्नात वाढपी म्हणून उभा राहिलो."

पायल हसली. "हे नाही लिहिता येत." तिने लिहिलं : तुटलेले व्यावसायिक संबंध पुन्हा जोडले.

एका पानात मावेल एवढंच ठेवायचं होतं. बावीस वर्षं एका पानात बसत नव्हती. त्यांनी मराठी शाळेतल्या वक्तृत्वाचं बक्षीस काढायला लावलं, विहाराच्या कमिटीचं नाव काढायला लावलं. भाषा या रकान्यात मराठी, हिंदी आणि कामापुरती इंग्रजी लिहिली. पायलने सवयीने पुढे 'बोलणे, लिहिणे, वाचणे' असं टाकलं, आणि तिचा हात थांबला. तिने 'बोलणे' खोडलं. बापाने पाहिलं.

"ठेव," ते म्हणाले.

"पप्पा."

"ठेव म्हणतो ना. बोलून नाही राहिलो का मी?"

मग राहिला मधला रिकामा काळ. नोकरी सुटल्याची तारीख आणि आज, यांच्या मधलं. पायलचं म्हणणं, सरळ आजारपण लिहू. गोंडाणे मान हलवत राहिले. आजार वाचला की पुढचं कोणी वाचणार नाही, हे त्यांना विकण्याच्या धंद्याने शिकवलं होतं. गिऱ्हाइकाला मालाचा दोष आधी सांगायचा नसतो, त्याने माल हातात घेतल्यावर सांगायचा. शेवटी 'कौटुंबिक कारणास्तव विश्रांती' असं लिहिलं. फोटो जुनाच लावला, नरखेडच्या शेतकरी मेळाव्यातला. भरलेले गाल, मिशी, उघडं तोंड, बोलता बोलता टिपलेला.

रेझ्युमे चांगलाच झाला असावा, कारण फोन लगेच आला. पायल कॉलेजात होती. गोंडाणेंनी फोन उचलला आणि जमेल तेवढं सावकाश बोलले. पलीकडच्या बाईने दोनदा 'हॅलो, हॅलो' केलं. मग तिचा आवाज दुसऱ्या कोणाशी बोलताना ऐकू आला, "सर, दारू पिऊन आहे वाटतं," आणि फोन बंद झाला.

संध्याकाळी त्यांनी पेपर वाचला नाही. पायलने फोनमधला नंबर पाहिला आणि स्वतःच लावला. या वेळी दुसरा आवाज होता, विहंग नावाचा तरुण विभागीय मॅनेजर. ती म्हणाली, मी गोंडाणेंची मुलगी, पप्पांना घशाचा त्रास आहे, त्यांच्याऐवजी मी सांगितलं तर चालेल का? विहंगने प्रश्न विचारले. नरखेडला कोणत्या खोलीचे पंप जास्त खपतात? सीझनच्या आधी माल कुठे ठेवायचा? दुकानदार दुसऱ्या कंपनीचं नाव काढतो तेव्हा काय करता? पायलने बापाकडे पाहिलं. ते शेजारी बसून उत्तर सांगत होते आणि ती ते आपल्या शब्दांत पुढे देत होती. थोड्या वेळाने त्यांनी सांगण्याआधीच ती बोलायला लागली. लहानपणापासून घरात ऐकलेलं होतं सगळं. फोन ठेवताना विहंग म्हणाला, "सोमवारी त्यांना घेऊन या."

सोमवारी मायाताईंनी पांढरा शर्ट इस्त्री केला. गोंडाणे मास्क लावून गेले. पायल ऑफिसच्या बाहेर बाकावर बसली, कारण आत एकट्यानेच जायचं असं त्यांनी बजावलं होतं.

विहंगच्या टेबलावर तो रेझ्युमे होता. त्याने उठून खुर्ची दिली. "गोंडाणे सर, तुमचं नाव आमच्या दोन डीलरनी आपणहून घेतलं. मास्क काढलात तरी चालेल, इथे दोघंच आहोत."

गोंडाणेंनी मास्क काढला. विहंगने टेबलावरच्या फोटोकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. परत फोटोकडे पाहायचं त्याने टाळलं. गोंडाणेंनी बोलायला सुरुवात केली. घरी शंभरदा म्हटलेलं होतं. पण नव्या माणसासमोर जीभ अजून जड झाली. विहंग पुढे झुकला, एकदा 'सॉरी' म्हणाला, दुसऱ्यांदा 'परत सांगता का' म्हणाला. गोंडाणेंनी आवाज वाढवला. आवाज वाढवला की लाळ जास्त यायची. हनुवटीवरून एक धार रेझ्युमेच्या कागदावर पडली, थेट नावावर. त्यांनी रुमाल काढून ती पुसली तर शाई पसरली.

विहंग वाईट माणूस नव्हता. त्याने शिपायाला बोलावलं नाही, घड्याळ पाहिलं नाही. तो म्हणाला, "सर, तुम्हाला जे येतं ते माझ्या पूर्ण टीमला येत नाही. पण हे फिल्डवरचं काम आहे. मी वर काय सांगू?"

गोंडाणेंनी खिशातलं पेन काढून कागदाच्या मागे लिहिलं : गोदाम पाहू शकतो.

"गोदाम इथे नाही, रायपूरला आहे," विहंग म्हणाला. मग त्याने विचारलं, "परवा फोनवर बोलल्या त्या तुमच्या कन्या काय करतात?"

गोंडाणेंनी मास्क लावला, नमस्कार केला आणि बाहेर आले. पायल उठून उभी राहिली. स्कूटीवर मागे बसताना त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि घरापर्यंत काढला नाही. विहंगचा शेवटचा प्रश्न त्यांनी घरात कोणाला सांगितला नाही.

पण विहंगने स्वतःच पायलला फोन केला. ती ऐकत गेली तसतशी लाल होत गेली.

"म्हणजे पप्पाची जागा तुम्ही मला देऊन राहिले?"

"ती जागा मी त्यांना देऊ शकत नाही, पायल. तुम्ही नाही म्हणालात तर दुसऱ्या कोणाला देईन. रेझ्युमे पाठवायचा असेल तर पाठवा. नसेल तरी मला राग नाही."

त्या संध्याकाळी गोंडाणेंच्या घरात बऱ्याच महिन्यांनी मोठ्याने बोलणं झालं. गोंडाणे उभे राहून हात हलवत होते. शब्द फुटत नव्हते, नुसता आवाज येत होता आणि शेजारच्या शोभाताई दारात येऊन परत गेल्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की त्या रस्त्यावर पोरगी जाणार नाही. कुठे जेवायची सोय नसते, कुठे बायकांना जायला जागा नसते. दुकानदार वाट पाहायला लावतात, पाणी विचारत नाहीत. "एवढं शिकवलं ते याच्यासाठी?"

"मग कायच्यासाठी?" पायल म्हणाली. "एमएस्सी करून मी दोन वर्षांनी नोकरीच शोधीन ना? आई पहाटे उठून चूल पेटवते आणि मी झाडाच्या पानायचे तुकडे पाहू सूक्ष्मदर्शकातून?"

"माया, तू तरी सांग हिले."

मायाताई मिक्सरचं भांडं धूत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मी हो म्हणत नाही. नाही म्हणायची माझी ऐपत राहिली नाही."



दुसऱ्या दिवशी पायल लॅपटॉप उघडून बसली होती. नाव, पत्ता, शिक्षण लिहून झालं होतं. खाली सगळं पांढरं. अनुभवाच्या रकान्यात लिहायला काही नव्हतं. गोंडाणे मागे येऊन उभे राहिले, बराच वेळ तो पांढरा भाग पाहत राहिले. मग स्टूल ओढून बसले.

"शिकवण्या घेतल्या होत्या ना तू?"

"चार पोरं होती पप्पा."

"लिही. चारची किती झाली?"

"नऊ. ते सोडा ना, ते काही सेल्स नाही."

"चारची नऊ कशी झाली? कोणी पाठवली?"

"पोरांच्या आयांनी."

"तेच लिही."

तिने लिहिलं. मग थांबली आणि खाली पाहत म्हणाली, "एक आहे. पण ते लिहायचं नाही."

"काय?"

"तुमच्या ऑपरेशनच्या वेळी रक्त पायजे होतं. मी कॉलेजच्या गेटवर उभी राहिली होती दोन दिवस. ओळखीचे सगळे पळाले. मग अनोळखी लोकांना विचारलं. एक जण म्हणे मले सुईची भीती वाटते, त्याले मी दवाखान्यापर्यंत बोलत बोलत नेलं. सात जण आणले."

गोंडाणेंना हे माहीत नव्हतं. कोणाचं रक्त आपल्या अंगात गेलं, याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता. ते उठून मोरीत गेले, तोंड धुतलं, परत आले.

"लिही," ते म्हणाले.

"नाही पप्पा. ते विकायची गोष्ट नाही."

"विकणं हेच रायते. नाही म्हणणाऱ्याले परत विचारणं. लिही."

तिने लिहिलं. लिहिताना ती रडत होती आणि ते शेजारी बसून शुद्धलेखन पाहत होते. 'अनोळखी रक्तदात्यांना प्रवृत्त केले.' त्यांनी 'प्रवृत्त केले' खोडायला लावलं, म्हणाले, असं कोणी बोलत नाही, 'तयार केले' लिही.

विहंगने मुलाखतीत तीच ओळ काढली. पायलने सांगितलं, पण कोणासाठी ते सांगितलं नाही. विहंगनेही विचारलं नाही, त्याला कळलं असावं. तिला नोकरी मिळाली. एम.एस्सी.चा प्रवेश रद्द करायला ती एकटीच गेली.

पहिल्या आठवड्यात गोंडाणे तिच्यासोबत नरखेडला गेले. ते मागे बसले होते. वाटेत ते खांद्याला हात लावून थांबवायचे आणि दाखवायचे, इथे टायर पंक्चरवाला आहे, इथे स्वच्छ संडास आहे, या दुकानात दुपारी जाऊ नको, मालक झोपतो. काटोलच्या पुढे संत्र्याच्या बागा लागल्या आणि ते मान वळवून बागाच पाहत राहिले.

नरखेडचे महादेवराव हे त्यांचे सगळ्यात जुने दुकानदार. गोंडाणे आजारी आहेत एवढं त्यांनी ऐकलं होतं, पाहिलेलं नव्हतं. मास्क खाली आला तसा महादेवरावांच्या गालातला खर्रा हलायचा थांबला. ते उठून दुकानामागे गेले, थुंकल्याचा आवाज आला, चूळ भरल्याचा आवाज आला. परत येऊन ते पायलकडेच पाहून बोलू लागले.

"बस वं बेटा. साहेबाची पोरगी म्हणजे आमची पोरगी. लिही, पाच मोटरा लिही माझ्या नावानं."

पायलने ऑर्डरचं पुस्तक काढलं. गोंडाणेंनी त्यावर हात ठेवला आणि महादेवरावांना काहीतरी म्हणाले. महादेवरावांना कळलं नाही. ज्या माणसाशी अर्धं आयुष्य बोलले, त्याचा शब्द समजेना म्हणून त्यांचा चेहरा पडला. ते पायलकडे पाहू लागले.

"पप्पा म्हणून राहिले, आधी पोरीले बोलू द्या," पायल म्हणाली.

ती बोलली. सुरुवातीला पाठ केल्यासारखं, मग जरा बरं. महादेवरावांनीही मग दुकानदारासारखं विचारायला सुरुवात केली. व्होल्टेज कमी आलं तर ही मोटर उचलते का? जळली तर वाइंडिंग नागपूरला पाठवावं लागेल का इथेच होईल? एका प्रश्नावर ती अडली. बापाकडे पाहिलं नाही. "हे मले माहीत नाही काका. उद्या विचारून फोन करते."

"दोन ठेव मग," महादेवराव म्हणाले. "चालल्या तर पुढचं पाहू."

परतताना सावनेर फाट्यावर ते चहाला थांबले. गोंडाणेंना चहा थंड करून चमच्याने घ्यावा लागे. त्यांनी मोबाईलवर काहीतरी लिहिलं आणि पायलपुढे धरलं. 'त्या दोन तुझ्या आहेत.' तिने वाचलं आणि फोन परत दिला. दोघांनी चहा संपवला.

पावसाळा गेला, थंडी आली. पायलचं काम बरं चाललं होतं. दिवाळीच्या सुमारास गोंडाणेंच्या गळ्याला उजवीकडे गाठ लागली. त्यांना स्वतःला ती दाढी करताना आधीच लागली होती, पण त्यांनी सांगितलं नव्हतं. डॉक्टरने या वेळी ऑपरेशनचं नाव काढलं नाही. दुखणं कमी करायची औषधं लिहून दिली आणि तो मायाताईंना बाजूला घेऊन बोलला. पायल त्या वेळी पारशिवनीला होती, दुकानात उभी होती. आईचा फोन आला तेव्हा तिने "पाच मिनिटांनी करते" म्हटलं, समोरच्याला दर सांगणं पूर्ण केलं, आणि मग दुकानाच्या मागे जाऊन फोन लावला.

शेवटचे महिने गोंडाणे बोलले नाहीत. गिळणं बंद झालं तेव्हा नाकात नळी टाकली. पायल परतली की ते हाताने विचारत, आज कुठे गेली होती? ती सांगायची, कोण भेटलं, कोणी काय म्हटलं, कोणी दारातूनच परत पाठवलं. ते डोळे मिटून ऐकायचे. एकदा तिने एका दुकानदाराने तिसऱ्यांदा नाही म्हटल्याचं सांगितलं, तर त्यांनी चार बोटं वर केली.

मार्चमध्ये ते गेले. विहारातले लोक आले, वंदना झाली. काटोल आणि नरखेडकडचे दुकानदारही आले. महादेवराव सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून उभे होते, शेवटपर्यंत पुढे आले नाहीत. विहंग आला होता. त्याने पायलला सुट्टी लागेल तेवढी घ्या म्हणून सांगितलं.

ती आठव्या दिवशी कामावर गेली. पण त्या पट्ट्यात आता काम राहिलं नव्हतं, म्हणजे काम होतं पण ते तिचं नव्हतं. कोणत्याही दुकानात गेली की आधी बापाची गोष्ट निघायची. लोक हळहळायचे, जुने किस्से सांगायचे, चहा मागवायचे आणि काही न विचारता ऑर्डर द्यायचे. कोणी भाव करत नव्हतं. कोणी नाही म्हणत नव्हतं. महिन्याच्या शेवटी तिचा आकडा टीममध्ये सगळ्यात वर होता आणि विहंगने मीटिंगमध्ये तिचं नाव घेतलं. टाळ्या वाजल्या तेव्हा ती खाली पाहत बसली.

मीटिंगनंतर ती विहंगच्या केबिनमध्ये गेली. "सर, मले वर्धेकडचा भाग द्या."

"तिकडे आपला एकही डीलर नाही अजून. काही महिने हात रिकामेच राहतील तुमचे. इथे सगळं बसलेलं आहे."

"माहीत आहे."

"आईंशी बोललात?"

"तिले सांगते आज."

मायाताईंना तिने रात्रीच्या जेवणाच्या वेळी सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही, फक्त विचारलं की रोज परत येता येईल ना. येईल म्हटल्यावर त्यांनी तिच्या ताटात अजून एक पोळी वाढली.

सोमवारी पायल वर्धेच्या पलीकडच्या एका तालुक्याच्या गावात पोचली. बाजाराच्या रस्त्यावर मशिनरीची चार दुकानं होती. पहिल्या दुकानातल्या माणसाने तिला बाहेरच हात हलवून जायला सांगितलं. दुसऱ्याने कार्ड घेतलं आणि न वाचता काचेखाली सरकवलं. तिसऱ्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ हिशोब करत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कोणाच्या तुम्ही?"

"कंपनीची आहे काका. पंप विकते."

"आम्हाला नको."

"बसू का थोडी? ऊन आहे."

म्हाताऱ्याने उत्तर दिलं नाही आणि उठही म्हटलं नाही. पायल स्टुलावर बसली.